परिचारिका घडते कशी? हाताचे कसब आणि मनाची मशागत

बारावीचा निकाल लागला की आमच्यासारख्या जनरल प्रॅक्टिशनरच्या दवाखान्यात सर्दी-तापाबरोबर आणखी एक प्रश्न येऊ लागतो. "डॉक्टर, पोरीला नर्सिंगला घालावं की बी. ए. होऊ द्यावं?" विचारणाऱ्या पालकांचे गणित सरळ असते. नर्सिंग केले की नोकरी लवकर लागते, पण मुलगी 'नुसती नर्स' राहते. बी. ए. केले की ती 'शिकलेली' म्हणवते, पण नोकरीची खात्री नाही. म्हणजे एक शिक्षण हाताचे आणि दुसरे डोक्याचे, असा समज या प्रश्नामागे असतो.

हा समज मुलीचे नुकसान करतो आणि रुग्णाचेही करतो. जगात काही ठिकाणी ही दोन्ही शिक्षणे एकाच छपराखाली देण्याची जुनी परंपरा आहे. अमेरिकेतील ख्रिस्ती महाविद्यालये हे तिचे ठळक उदाहरण. तेथे परिचर्येची विद्यार्थिनी इंजेक्शन देण्यास शिकते, त्याच वर्षांत इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान आणि धर्मविचारही शिकते. असे का करतात, त्याने रुग्णाला काय मिळते आणि आपल्याकडच्या मुलींना त्यातून काय घेता येईल, ते आज पाहू.

'सिस्टर' हा शब्द आला कोठून?

आपण दवाखान्यात सहज "सिस्टर" अशी हाक मारतो. हा शब्द ख्रिस्ती मठांतून आला. आजाऱ्याची सेवा हे ईश्वराचेच काम, असे मानून युरोपातील जोगिणींनी शतकानुशतके रुग्णशुश्रूषा केली. त्यांना 'भगिनी' म्हणत. तोच शब्द पुढे परिचारिकेला चिकटला.

मात्र सेवाभाव असला म्हणजे शास्त्र येते असे नाही. सेवाभावाला शिक्षणाची जोड देण्याचा एक महत्त्वाचा प्रयत्न जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठच्या कैसरवेर्थ गावी झाला. थिओडोर फ्लिडनर या पाद्र्याने १८३६ मध्ये तेथे स्त्रियांना रुग्णसेवेचे शिक्षण देणारी संस्था काढली. फ्लॉरेन्स नाइटिंगेल १८५१ मध्ये तेथे शिकल्या. पुढे १८६० मध्ये त्यांनी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात स्वतःची शाळा सुरू केली आणि त्या धर्तीवर अमेरिकेत १८७३ पासून परिचारिकांच्या शाळा निघू लागल्या.

या शाळा रुग्णालयाच्याच असत. मुलीने तीन वर्षे तेथे राहायचे, वॉर्डात राबायचे आणि शेवटी पदविका घ्यायची. काम भरपूर शिकायला मिळे. पण रुग्णालयाला फुकटचे हात हवे असत, त्यामुळे वर्गातला तास बुडाला तरी चाले, वॉर्डातली पाळी बुडून चालत नसे. परिचारिकेला 'का?' असा प्रश्न विचारायला शिकवावे, हा विचार विसाव्या शतकात बळावला आणि परिचर्येचे शिक्षण हळूहळू महाविद्यालयांकडे सरकले.

लिबरल आर्ट्स म्हणजे काय?

'आर्ट्स' या शब्दावरून चित्रकला किंवा नृत्य डोळ्यांपुढे येईल, पण तसे नाही. माणसाने कोणताही धंदा करो, त्याआधी त्याला नीट वाचता, लिहिता, बोलता, विचार करता आले पाहिजे. आपल्या समाजाचा इतिहास, माणसाचे मन, बऱ्यावाइटाचा विवेक यांची ओळख पाहिजे, या कल्पनेवर उभे असलेले हे पदवी शिक्षण. अमेरिकेतील अशी कित्येक महाविद्यालये निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांनी स्थापन केली. त्यांत या विषयांना बायबलच्या अभ्यासाची आणि सेवेच्या शिकवणीची जोड असते.

अशा महाविद्यालयात परिचर्येची पदवी साधारण चार वर्षांची असते. सुरुवातीच्या काळात शरीररचना, रसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांबरोबर मानसशास्त्र, लेखन, इतिहास, धर्मविचार हे विषय येतात. पुढे रुग्णालयातील प्रत्यक्ष कामाचे तास वाढत जातात. शेवटी मिळणारी पदवी परिचर्येचीच असते. बाकीचे विषय हा तिचा पाया असतो.

तेथे आणखीही वाटा आहेत. मिल्ड्रेड मॉन्टाग या बाईंच्या कल्पनेतून १९५२ मध्ये दोन वर्षांचा छोटा अभ्यासक्रम सुरू झाला. तो करून आधी नोकरी धरायची आणि मग सवडीने पदवी पुरी करायची, हा गरीब घरच्या मुलींचा मार्ग. उलट ज्यांची दुसऱ्या विषयातली पदवी आधीच झाली आहे, त्यांच्यासाठी वर्ष-दीड वर्षाचे झटपट अभ्यासक्रम आहेत. कोणत्याही वाटेने आले तरी नोंदणीकृत परिचारिका होण्यासाठीची परवाना परीक्षा एकच.

झाडू बांधणारे महाविद्यालय

अमेरिकेच्या केंटकी राज्यात बेरिया नावाचे एक छोटे गाव आहे. तेथे १८५५ मध्ये जॉन फी या गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशकाने शिक्षणसंस्था काढली. सर्व माणसे एकाच रक्ताची, हे बायबलातील सूत्र तिने ब्रीद म्हणून घेतले. गोरे आणि काळे, मुलगे आणि मुली एकत्र शिकत. पुढे १९०४ मध्ये राज्याने कायदा करून काळ्या-गोऱ्यांचे एकत्र शिक्षण बंद पाडले. ते पुन्हा सुरू व्हायला १९५० साल उजाडले.

या महाविद्यालयात १८९२ पासून शिकवणीची फी नाही. प्रवेश मुख्यतः गरीब घरच्या मुलांना मिळतो. पण प्रत्येकाला आठवड्याला किमान दहा तास काम करावेच लागते. कुणी स्वयंपाकघरात, कुणी शेतात, कुणी ग्रंथालयात, तर कुणी विणकाम करते किंवा झाडू बांधते. तेथील विद्यार्थ्यांनी बांधलेले झाडू नावाजलेले आहेत. याच महाविद्यालयात परिचर्येची पदवीही मिळते. तत्त्वज्ञान वाचणाऱ्याने झाडू बांधण्यात कमीपणा मानू नये आणि झाडू बांधणाऱ्याला तत्त्वज्ञान परके वाटू नये, ही तेथील शिकवण.

आपल्याकडे नेमके उलटे चालते. बेडपॅन उचलणारी ती 'खालची' आणि फाइल लिहिणारा तो 'वरचा' असे आपण धरून चालतो. बेडपॅन उचलताना लघवीचा रंग आणि प्रमाण जिच्या लक्षात येते, ती त्या क्षणी रोगनिदानाचेच काम करत असते, हे आपण विसरतो.

इंडियाना राज्यातील गोशेन महाविद्यालय मेनोनाइट या शांततावादी पंथाचे. तेथेही परिचर्येची पदवी आहे. १९६८ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांना एक सत्र परदेशातील साध्या कुटुंबांत राहायला आणि तेथे सेवा करायला पाठवण्याचा उपक्रम सुरू केला. परक्या घरात राहून, परकी भाषा शिकून, त्यांच्या पंगतीला बसलेली मुलगी उद्या वॉर्डात परक्या माणसाशी वेगळ्या रीतीने बोलेल, हे उघड आहे.

रुग्णाला याचा फायदा काय?

हा आरोग्याचा स्तंभ आहे, तेव्हा मुख्य मुद्दा हाच. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील लिंडा एकेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या राज्यातील १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती तपासली. २००३ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण अधिक, तेथे दाखल झाल्यापासून ३० दिवसांत मृत्यू येण्याची शक्यता कमी आढळली. हे प्रमाण दर १० टक्क्यांनी वाढले की शक्यता सुमारे ५ टक्क्यांनी उतरत होती.

पुढे २०१४ मध्ये युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांचा असाच अभ्यास प्रसिद्ध झाला. तेथे हा आकडा ७ टक्के आला. त्याच अभ्यासात असेही दिसले की, एका परिचारिकेच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. म्हणजे शिक्षण हवे, तसे हातही पुरेसे हवेत. अशा अभ्यासांतून संबंध दिसतो. केवळ पदवीमुळेच प्राण वाचले असे सिद्ध होत नाही. पण मोठ्या प्रमाणावर आणि पुन्हा पुन्हा दिसलेली गोष्ट दुर्लक्ष करण्याजोगी नसते.

असे का होत असावे, ते आपल्या नेहमीच्या उदाहरणांवरून कळेल.

डेंग्यूचा रुग्ण घ्या. तीन-चार दिवसांनी ताप उतरतो आणि नातेवाईक सुटकेचा निःश्वास टाकतात. पण धोक्याचा काळ बहुधा तेव्हाच सुरू होतो. पोटात दुखणे, सारख्या उलट्या, अस्वस्थपणा, हातपाय गार पडणे ही लक्षणे दिसली तर वेळ दवडून चालत नाही. तक्त्यावर नुसता 'ताप नाही' असा शेरा लिहिणारी परिचारिका आणि ताप उतरल्यावर मुद्दाम हातपाय चाचपून पाहणारी परिचारिका यांत फरक आहे. दुसरीला 'का' ठाऊक असते.

इन्सुलिनचे उदाहरण तर घरोघरचे आहे. आपल्याकडे एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट असलेले आणि १०० युनिट असलेले, असे दोन्ही प्रकारचे इन्सुलिन मिळते आणि त्यांच्या सिरिंज वेगळ्या असतात. १०० युनिटचे औषध ४० च्या सिरिंजमध्ये २० च्या खुणेपर्यंत भरले, तर रुग्णाच्या शरीरात २० ऐवजी ५० युनिट जातात. साखर एकदम उतरून तो बेशुद्ध पडू शकतो. परिचारिकेला हे गणित यायला हवेच. पण ते सत्तर वर्षांच्या, चष्मा हरवलेल्या आजीला तिच्या भाषेत समजावून सांगणे, तिच्याकडून पुन्हा करून घेणे, "कळलं ना?" यावर तिने नुसती मान हलवली तर तेवढ्यावर न थांबणे, हे वेगळे शिक्षण आहे. ते भाषेचे आणि माणूस ओळखण्याचे शिक्षण.

आमच्याकडचा रुग्ण पुस्तकातली लक्षणे सांगत नाही. तो म्हणतो, "जीव घाबरा होतोय", "कसंतरीच होतंय", "अंगात त्राण नाही". कोणती बाई लाजेपोटी पोटदुखी सांगते आणि तिला खरे दुसरेच काही विचारायचे असते, कोणता म्हातारा मुलाला खर्च नको म्हणून छातीतली कळ लपवतो, हे शरीररचनेच्या पुस्तकात नसते. मरणासन्न रुग्णाच्या नातेवाइकाने "बरे होतील ना?" असे रात्री दोन वाजता विचारले, तर त्या वेळी डॉक्टर घरी असतात आणि वॉर्डात सिस्टर एकटी असते. खोटी आशा दाखवायची नाही आणि धीरही खचू द्यायचा नाही, यासाठी वाचन लागते, विवेक लागतो. तत्त्वज्ञान आणि धर्मविचार परिचर्येच्या अभ्यासात ठेवणाऱ्यांनी ही गरज ओळखली होती.

आपल्या मातीतली उदाहरणे

हे सारे परदेशी आहे असे समजण्याचे कारण नाही. तामिळनाडूतील वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज सर्वांना ठाऊक आहे. आयडा स्कडर या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी १९०० मध्ये एका खाटेच्या दवाखान्याने त्याची सुरुवात केली. १९०९ मध्ये तेथे परिचारिकांची शाळा निघाली, आणि स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा त्यानंतर, १९१८ मध्ये. म्हणजे तेथे परिचारिकांचे शिक्षण डॉक्टरांच्या शिक्षणाच्या आधी सुरू झाले. १९४६ मध्ये वेल्लोरला परिचर्येची विद्यापीठीय पदवी सुरू झाली. भारतातील अशा पहिल्या पदव्यांपैकी ती एक.

आपल्या मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभारले. मिरज ही पुढे रुग्णालयांची नगरी झाली, तिचा पाया तेथे आहे.

हाताला काम आणि मनाला शिक्षण ही जोड महाराष्ट्रात घालणाऱ्या पंडिता रमाबाईंना तर विसरूच नये. डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या १८८६ मध्ये फिलाडेल्फियाला गेल्या, अमेरिकेत राहून त्यांनी बालशिक्षणाची पद्धत अभ्यासली आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढले. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये निराधार स्त्रिया अक्षरओळख आणि धर्मग्रंथ शिकत, तशाच विणकाम, शेती आणि छापखान्याचे कामही शिकत.

ही दृष्टी केवळ ख्रिस्ती संस्थांपुरती राहिली नाही. रमाबाई रानडे यांच्या पुण्याच्या सेवासदनाने विधवा आणि गरजू स्त्रियांना शिक्षण देताना त्यांच्यासाठी रुग्णसेवेची वाटही खुली केली. पांढरपेशा घरातल्या बाईने परक्या पुरुषाच्या जखमा बांधायच्या, ही त्या काळी केवढी मोठी गोष्ट होती, याची कल्पना करावी.

आज मुलीपुढे कोणत्या वाटा आहेत?

थोडक्यात सांगतो.

१) ए. एन. एम. : दोन वर्षांचा अभ्यासक्रम. गावपातळीवरच्या नर्सबाई मुख्यतः यातून येतात. बारावीला कोणतीही शाखा चालते.

२) जी. एन. एम. : तीन वर्षांची पदविका. बारावी कोणत्याही शाखेतून, पण इंग्रजी विषय आवश्यक.

३) बी. एस्सी. नर्सिंग : चार वर्षांची पदवी. बारावी विज्ञान शाखेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हवे.

४) पोस्ट बेसिक बी. एस्सी. : जी. एन. एम. होऊन नोंदणी झाल्यावर दोन वर्षांची पदवी.

आता मूळ प्रश्न. नर्सिंग आणि बी. ए. दोन्ही करता येतील का? माझ्या मते सर्वांत सोयीची वाट म्हणजे आधी जी. एन. एम., मग नोकरी आणि नोकरी करता करता मुक्त विद्यापीठातून बी. ए. समाजशास्त्र, मराठी, मानसशास्त्र, जे आवडेल ते घ्यावे. दोन्ही एकदम करायचे असेल तर सावध राहावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ पासून एकाच वेळी दोन अभ्यासक्रमांना परवानगी दिली आहे, पण व्यावसायिक अभ्यासक्रमांना त्यांच्या परिषदेचे नियम लागू राहतात. म्हणून नर्सिंगच्या प्राचार्यांना आधी विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे.

एक गोष्ट स्पष्ट करतो. बी. ए. झाल्याने परिचर्येत वरची जागा मिळेलच असे नाही. नर्सिंग महाविद्यालयात शिकवायचे असेल तर परिचर्येचीच पदवी आणि पुढे पदव्युत्तर शिक्षण लागते. बी. ए. चा लाभ माणूस म्हणून आणि परिचारिका म्हणून होतो. त्याचा हिशेब वेतनचिठ्ठीत शोधू नये.

बी. एस्सी. नर्सिंगला गेलेल्या मुलींसाठी एक आग्रहाचे सांगणे आहे. पहिल्याच वर्षात तुम्हाला इंग्रजी, मानसशास्त्र आणि समाजशास्त्र असते. या विषयांकडे 'साइड सब्जेक्ट' म्हणून पाहण्याची आणि गाईड वाचून पेपर काढण्याची रीत पडली आहे. परदेशातली महाविद्यालये ज्यासाठी नावाजली जातात, ते शिक्षण आपल्या अभ्यासक्रमात थोडेफार आहेच. ते वाया घालवू नका.

प्रवेशापूर्वी हे पाहा

गल्लोगल्ली 'सहा महिन्यांत नर्स', 'दहावी नापासांना संधी' अशा पाट्या दिसतात. अशा ठिकाणी पैसे भरून मिळालेल्या कागदावर नोंदणी होत नाही आणि नोंदणीशिवाय परिचारिका म्हणून काम करता येत नाही. मुलीची उमेदीची वर्षे आणि बापाचे कर्ज, दोन्ही बुडतात. म्हणून:

– संस्थेला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची मान्यता आहे का, हे कौन्सिलकडूनच खात्री करून घ्यावे. मालकाच्या शब्दावर जाऊ नये. देशपातळीवर परिषदेच्या जागी राष्ट्रीय आयोग आणण्याची तरतूद २०२३ च्या कायद्याने केली आहे, पण मान्यता पाहण्याची गरज त्याने संपत नाही.

– विद्यार्थिनींना शिकायला रुग्णालय कोणते, तेथे खरोखर रुग्ण असतात का, हे स्वतः जाऊन पाहावे. ओस वॉर्डात परिचर्या शिकता येत नाही.

– वसतिगृह, रात्रपाळीची सुरक्षितता आणि ग्रंथालय यांची चौकशी करावी. ग्रंथालयाला कुलूप असेल तर काय ते समजावे.

– मूळ कागदपत्रे संस्थेकडे अडकून पडणार नाहीत, याची काळजी घ्यावी.

– परदेशातील ख्रिस्ती महाविद्यालयाचा विचार असेल तर फी, शिष्यवृत्ती आणि नियम नीट वाचावेत. पुष्कळ ठिकाणी अन्यधर्मीयांना प्रवेश असतो, मात्र काही ठिकाणी प्रार्थनेला हजर राहण्याची किंवा वर्तनाची अट असते. ती मान्य असेल तरच अर्ज करावा.

मुलग्यांनाही हे सारे लागू आहे. परिचर्या हे बायकांचेच काम, हा समज आता सोडलेला बरा.

शेवटी पालकांना एवढेच सांगेन की, मुलीला नर्सिंगला घालताना "आता पुस्तके पुरे" असे म्हणू नका. तिच्या ट्रंकेत गणवेशाबरोबर एखादे चांगले मराठी पुस्तक ठेवा आणि सुट्टीत आली की "पगार किती मिळेल?" याच्या आधी "वॉर्डात काय पाहिलंस?" असे विचारा. तिला जे दिसले ते नीट शब्दांत सांगण्याची सवय तुमच्या घरात लागली, तर उद्या रात्रपाळीत डॉक्टरला फोन करताना तीच सवय तिच्या आणि कुणा रुग्णाच्या कामी येईल.